डाव्या कानाची काडी

इवाबुची फुसाए हिने आयुष्याची एक्केचाळीस वर्षं काड्या करण्यात घालवली होती. हे वाचून कुणी तिच्याबद्दल भलतंसलतं मनात आणू नये. मुरोरान बंदरात तिच्या नवऱ्याचं भाजलेल्या काड्यांचं दुकान होतं, आणि तिथे रोज लागणाऱ्या चार-पाचशे बांबूच्या काड्यांवर मांस आणि कांदा ओवण्याचं काम तिच्याकडे होतं. नवरा, तोकुजी, डोक्याला पंचा बांधून शेगडीपुढे उभा राहायचा, गिऱ्हाइकांची चेष्टा करायचा, आणि धुरातून अधूनमधून एखाद्या देवासारखा प्रकट व्हायचा. फुसाए मागच्या खोलीत बसायची. तिथे धूर नव्हता, त्यामुळे प्रकट होण्याची सोयही नव्हती. गावात लोक म्हणत, "तोकुजीच्या हाताला चव आहे." फुसाएलाही हात आहेत, एवढं मात्र गावाच्या ध्यानात होतं, कारण बिल तीच करायची.

या धंद्यात एक म्हण आहे: ओवायला तीन वर्षं, भाजायला जन्म. फुसाएचं ठाम मत होतं की ही म्हण भाजणाऱ्यानेच केलेली असणार. ओवणाऱ्याचे हात म्हणी करण्याइतके रिकामे असतात कधी?

तर असं हे जोडपं दुकानाच्या दाराला 'तीन दिवस बंद' अशी पाटी लावून, विमानात बसून कोबेला आलं होतं, ते मुलीच्या लग्नाचं बघायला.

मुलीचं नाव चिगुसा. वय एकतीस. अठराव्या वर्षी घर सोडताना ती आईला म्हणाली होती, "यापुढे मी काडीला हात लावणार नाही." फुसाएने ते मनाला लावून घेतलं नाही. फक्त तेरा वर्षांत ती ते विसरली नाही, इतकंच. चिगुसा कोबेत जहाजांच्या एका कचेरीत होती, आणि त्याच कचेरीतल्या ओची मासातोशी तिला लग्न करायचं होतं. मुलगा इमाबारीचा. वडील नाहीत. आई याकितोरीचं दुकान चालवते. लग्नानंतर दोघं बदली घेऊन तिच्याकडेच राहायला जाणार.

"म्हणजे धंद्यातलीच माणसं," तोकुजी फोनवर खूश झाला होता.

"हो, पण बाबा, त्यांच्याकडे लोखंडी तव्यावर भाजतात. वरून ठोकळ्याने दाबून. काडी नसते."

"काडी नसते म्हणजे?"

"म्हणजे नसते."

"मग ती याकितोरी कसली?"

आता याकितोरी म्हणजे भाजलेला पक्षी. तोकुजीच्या दुकानात ती पहिल्या दिवसापासून डुकराची मिळत होती. मुरोरानमध्ये सगळीकडे तशीच मिळते, सोबत गोल कांदा आणि चमचाभर झणझणीत मोहरी, आणि पक्षी कुठे गेला असं आजवर तिथे कुणी विचारलेलं नाही. पण ज्याच्याकडे पक्षी नाही त्याला दुसऱ्याकडे काडी नाही हे ताबडतोब दिसतं.

फुसाए त्या दिवशी ओवता ओवता विचार करत होती. एकुलत्या एका पोरीला आपण एक विद्या दिली. पोरीने ती टाकली, ते एक वेळ समजून घेता येतं. पण आता ती निघाली कुठे, तर अशा घरी, जिथे त्या विद्येचा काडीचाही उपयोग नाही. उद्या आपले हात थांबले की संपलंच म्हणायचं.

"तू हो म्हणालीस तर मी मान डोलावीन," तोकुजीने विमानात सांगून टाकलं. "नाही म्हणालीस तर हलवीन. मान माझी, निर्णय तुझा."

फुसाएचा कल हलवण्याकडे होता.

निघण्याआधी चिगुसाने तिच्याकडून एक वचन घेतलं होतं. "जेवताना काड्यांबद्दल एक शब्द बोलायचा नाही, आई. साप्पोरोत त्या आचाऱ्याला तू रडवलं होतंस."

"मी नाही रडवलं. तो कांदा चिरत होता."

"आई."

"बरं. नाही बोलणार."

भेटीची जागा मुलांनीच ठरवली होती. वधूवरांच्या घरच्यांची पहिली भेट म्हणजे उंची उपाहारगृह, स्वतंत्र खोली, नक्षीच्या वाट्या, असा रिवाज. पण दोन्ही घरं शेगडीची. वाट्यांत सगळेच अवघडले असते. म्हणून कोबेच्या एका गल्लीतलं हाचिसुके नावाचं दुकान. लाकडी फळीपुढे नऊ खुर्च्या, कोपऱ्यात एक टेबल, आणि शेगडीमागे मालक हाचिया, पन्नाशीचा, बोलण्यापेक्षा पंख्याने वारा घालणं पसंत करणारा माणूस. पाच वाजता दुकान उघडलं आणि पाच वाजून एक मिनिटाने पाचही जण टेबलाभोवती एकमेकांना वाकून नमस्कार करत होते. जागा कमी असल्यामुळे ते आळीपाळीने वाकत होते.

विहीणबाई ओची सुमिको लहानखुऱ्या आणि टुणटुणीत होत्या. बसल्याबसल्या त्यांनी हात पुसायचा गरम टॉवेल उचलला, कडेची शिवण उलटून पाहिली आणि पुन्हा ठेवला.

"आमच्याकडचा नाही," त्या म्हणाल्या.

इमाबारीत टॉवेलांचे कारखाने आहेत. तिथली माणसं परगावी गेली की आधी टॉवेलाची चौकशी करतात, मग प्रकृतीची. सुमिकोबाईंनी पिशवीतून एक मोठा खोका काढून फुसाएपुढे सरकवला. "हे आमच्याकडचे. पुसून बघा. पुसल्यावर माणूस कोरडा होतो."

फुसाएने आभार मानले आणि मुरोरानहून आणलेला समुद्री शेवाळाचा पुडा दिला. तोकुजीने कोटाच्या खिशातली मोहरीच्या पुडीची डबी चाचपली. परगावी मोहरी मिळेलच असं नसतं, म्हणून तो ती बाळगायचा, जशी इतर माणसं रक्तदाबाची गोळी बाळगतात.

बिअर आली. मग पहिलं ताट आलं: कोंबडीच्या मांडीचे तुकडे, मध्ये कांद्याची पात, वर नुसतं मीठ. पाच काड्या.

फुसाएने हात मांडीवर ठेवून नुसतं पाहिलं. टोकाशी मोठा तुकडा, मुठीकडे लहान होत आलेले. काडी प्रत्येक तुकड्याच्या बरोबर काळजातून गेलेली. तुकड्याला तुकडा टेकलेला पण चेंगरलेला नाही. मुठीशी बाजूला निघालेले काडीचे चपटे कान सगळे ओळीने उजवीकडे. तिने मनात पैकीच्या पैकी गुण दिले आणि तोंड मिटून घेतलं. वचन म्हणजे वचन.

तेवढ्यात सुमिकोबाईंनी चॉपस्टिक उचलल्या, डाव्या हाताने पहिल्या काडीची मूठ धरली, आणि सर्रकन सगळे तुकडे ताटात ओढून काढले. मग दुसरी. मग तिसरी. पाच काड्या मोकळ्या व्हायला पाच निःश्वासही लागले नाहीत. ताटात मांसाचा ढीग आणि बाजूला पाच नागडे बांबू.

"हं, घ्या आता आरामात," त्या मायेने म्हणाल्या. "नाहीतर डोळ्यात जायची एखाद्याच्या."

शेगडीमागचा पंखा थांबला. हाचियाने पाठ फिरवली आणि एका बरणीचं झाकण उगाच घट्ट केलं. तोकुजी छताकडे बघू लागला. टेबलाखाली चिगुसाचा बूट आईच्या पायावर अलगद येऊन बसला.

"तुमच्याकडे असंच..." फुसाए म्हणाली आणि थांबली.

"आमच्याकडे मुळात काडीच नाही ना. इमाबारीचं गिऱ्हाईक उतावळं. बसलं की मिनिटात ताट पाहिजे. ओवत बसलं तर ते शेजारच्या दुकानात जेवून घरी जाईल. आम्ही तव्यावर टाकतो, ठोकळ्याने दाबतो, कोंबडीचं सालडं असं कुरकुरतं म्हणता." त्यांनी ढिगातला एक तुकडा खाल्ला. "कोंबडी चांगली आहे हो. उगाच एवढा त्रास घेतलाय तिच्यावर."

"हो का," फुसाए म्हणाली.

दोनच अक्षरं. पण ती ऐकल्यावर मुरोरानच्या बंदरात दोन दुकानं बंद झाली होती. बूट जरा जोरात दाबला गेला.

फुसाएने तो ढीग पाहिला आणि मनात 'नाही' हा शब्द नीट ओवून ठेवला. नुसता म्हणायचा बाकी होता. विहीणबाई वाईट नव्हत्या, हीच पंचाईत होती. वाईट माणसावर रागावता येतं. ही बाई प्रेमाने, कुणाच्या डोळ्याची काळजी करत, एका माणसाची अख्खी दुपार दोन निःश्वासांत ताटात पाडत होती. आणि चिगुसा उद्या तिच्या तव्याशेजारी उभी राहणार होती, म्हणजे लग्न करून एका अर्थी काडीमोडच घेणार होती.

मासातोचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. उंच, सरळ मुलगा. त्याची नजर सारखी शेगडीकडे जात होती. बिअरचा ग्लास तो उजव्या हाताने उचलत होता आणि डावा हात टेबलाखाली ठेवत होता.

हाचियाने दुसरं ताट आणलं. ते ठेवताना तो संध्याकाळचं पहिलं पूर्ण वाक्य बोलला.

"या आमच्या नाहीत. भाजताना मनगट उलटं फिरवावं लागलं."

ताटात डुकराच्या खांद्याचं मांस होतं. मध्ये पात नव्हती, गोल कांदा होता. कडेला पिवळ्या मोहरीचा गोळा.

तोकुजीने खिशातली डबी सोडून दिली. "कोबेत," तो हळू आवाजात म्हणाला, "कोबेत मोहरी." त्याने लगेच एक काडी उचलली, मोहरीत बुडवली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मोहरीमुळे की कसं, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

फुसाए ताटाकडे बघत होती. काड्या वाईट होत्या. स्पष्टच सांगायचं तर भयंकर होत्या. एकीवरचं मांस स्वतःभोवती फिरत होतं. दुसरीवरचा कांदा एका पाकळीवर लोंबत होता, आत्महत्येचा विचार केल्यासारखा. तिसरीत लहान तुकडा टोकाला आणि मोठा मुठीला, म्हणजे सगळा संसारच उलटा.

पण मुठीचे कान डावीकडे होते. पाचच्या पाच.

याचं खरं कारण तिच्याशिवाय फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो मोहरी खात होता. ओवायची काडी चपटी असते आणि मुठीशी तिचा एक छोटा कान एका बाजूला आलेला असतो. उजव्या हाताने ओवलं आणि मांसाची चांगली बाजू वर ठेवली, की कान उजवीकडे येतो. सगळीकडे उजवीकडेच येतो. फुसाए डावरी. लहानपणी शाळेत तिचा हात बदलला, लिहिण्यापुरता. पण पंचविसाव्या वर्षी सासूबाईंनी पुढ्यात मांस आणि काड्या ठेवल्या तेव्हा हाताने आपला जुना धर्म काढला. तिच्या काड्यांचे कान डावीकडे. सासूबाईंनी दोन वर्षं डोकं आपटलं, मग सोडून दिलं. तोकुजीने शेगडीपुढे मनगट उलटं फिरवायची सवय केली, आणि त्याचा खांदा आजतागायत दुखतो. फुसाए एक्केचाळीस वर्षं ही गोष्ट कुणाला दिसू नये म्हणून ताट गिऱ्हाइकापुढे तिरकं ठेवत आली होती.

चिगुसाला तिने शेजारी बसवून शिकवलं होतं. पोरगी उजवी, पण आईचं बघून बघून तसंच ओवायला शिकली, मनगट वाकडं करून. "दुखतं," म्हणायची. "सवय होईल," फुसाए म्हणायची. झाली नाही. अठराव्या वर्षी गेली.

चिगुसाने ओवल्या? फुसाए ताटावर वाकली आणि लगेच पुन्हा सरळ बसली. चिगुसाची काडी फिरत नाही. सातव्या वर्षीसुद्धा फिरत नव्हती.

तिने मासातोकडे पाहिलं. टेबलाखालचा हात त्याने नकळत वर आणला होता. अंगठ्याला पट्टी होती. बोटालाही.

एका उजव्या मुलाने, काडीशिवायच्या गावातल्या, कान डावीकडे आणले होते. का, तर शिकवणारीने तसं शिकवलं म्हणून. तिने तसं का शिकवलं, तर तिच्या आईला दुसरं जमत नव्हतं म्हणून. फुसाएची चूक मुरोरानहून निघून, कुणाला न विचारता, तिच्या आधी कोबेत येऊन बसली होती.

सुमिकोबाईंच्या चॉपस्टिक ताटाकडे निघाल्या.

फुसाएचा डावा हात ताटावर आडवा आला.

"थांबा, ओची-सान. या काड्या नाही मोडायच्या."

"मोडत नाही हो, नुसतं मांस..."

"तुमच्या मुलाने ओवल्यात."

चॉपस्टिक हवेत राहिल्या. चिगुसाने बूट काढून घेतला.

"मासातोने?" सुमिकोबाई म्हणाल्या. "याला सुईत दोरा ओवता येत नाही. शाळेच्या शर्टाचं बटण याने चिकटपट्टीने लावलं होतं."

"तीन रविवार शिकतोय," मासातो टेबलाकडे बघत म्हणाला. "आज सकाळपासून इथे होतो. वीस केल्या. या पाच बऱ्या निघाल्या."

या पाच बऱ्या, म्हणजे उरलेल्या पंधरांचं काय दर्शन असेल, ते डोळ्यांपुढे आणून फुसाए पाणी प्यायली.

"मी सांगितलं याला," हाचिया शेगडीमागून म्हणाला. आज त्याची गाडी सुटली होती. "कान उजवीकडे आण, सगळं जग तसंच करतं. तर म्हणाला, नाही, सासरच्या घराण्यात डावीकडेच आणतात. त्यांची पद्धत आहे."

"पद्धत?" फुसाए म्हणाली.

"मला कुठे माहीत होतं वेगळं असतं ते," चिगुसा म्हणाली. "मी तुझ्याशिवाय कुणाचं ओवणं जवळून पाहिलंय का? हाचिया-सान बोलले तेव्हा कळलं. मग वाटलं, असेल आपल्याकडची जुनी रीत. आहे ना, आई?"

तोकुजीने तोंड उघडलं. खरं काय ते त्याच्या जिभेवर होतं, खांद्यात तर एक्केचाळीस वर्षं होतंच. फुसाएने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंडातला कांदा गिळला.

"हो," तो म्हणाला. "रीतच ती. अवघड आहे. फार थोड्यांना जमते." मग जरा थांबून, मोहरीच्या गोळ्याला उद्देशून म्हणाला, "आमच्या दुकानात चव आहे ती काडीला आहे. आणि काडी हिची. मी नुसता भाजतो."

हे वाक्य यायला एक्केचाळीस वर्षं लागली होती, म्हणून फुसाएने ते पुन्हा म्हणायला लावलं नाही. तिने एकदाच, पण नीट, ऐकून घेतलं.

सुमिकोबाईंनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. त्यांनी एक काडी दोन्ही हातांनी उचलली, बासरीसारखी आडवी धरली आणि कुठून वाजवायची ते शोधू लागल्या.

"टोकाकडून," फुसाए म्हणाली. "दातांनी धरा आणि काडी बाजूला ओढा. मांस नाही ओढायचं, काडी."

त्यांनी ओढली. मांस आलं आणि कांदा मांडीवरच्या टॉवेलात पडला. त्यांनी तो उचलून खाल्ला.

"चांगलं लागतंय," त्या म्हणाल्या. मग काडी डोळ्यांजवळ धरून बघू लागल्या. लोखंडी तव्यापुढे तीस वर्षं उभी राहिलेली बाई होती ती; माल ओळखायची. "पण काय हो, हा दुसरा तुकडा फिरतोय. फिरला की एकाच बाजूने भाजणार ना?"

फुसाएने विहीणबाईंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. काडीच्या वाटेला आयुष्यात न गेलेल्या या बाईने पहिल्या घासाला नेमकं दुखणं पकडलं होतं.

"फिरतोय," ती म्हणाली. "काडी काळजातून गेली नाही. डावीकडे सरकलीय."

"मग कधी जमणार याला?"

"ओवायला तीन वर्षं. पण ती रोजची. हा नुसता रविवारी करणार असेल तर एकवीस."

"एकवीस," सुमिकोबाईंनी हिशोब ऐकला. "आणि तोवर शिकवणार कोण?"

"चिगुसाच्या हाताने अर्धं येईल. उरलेलं मलाच बघावं लागेल. इमाबारीला येऊन. वर्षातून दोनदा तरी."

"एकवीस वर्षं येणार तुम्ही?"

"यावं लागेल. असा अर्धवट सोडता येत नाही माणूस."

तोकुजी बायकोच्या तोंडाकडे बघत होता. त्याने ग्लास खाली ठेवला आणि ठरल्याप्रमाणे मान डोलावली. मासातोला काही कळलं नाही. तो आणखी बोलणी बसतील म्हणून ताठ बसला होता. चिगुसाने मात्र वडिलांची मान पाहिली आणि गरम टॉवेल तोंडावर धरून बराच वेळ तोंड पुसलं.

"तुम्ही याल तेव्हा तव्याशेजारी एक लहान शेगडी मांडून ठेवते," सुमिकोबाई म्हणाल्या. "पण एक आधीच सांगते. गिऱ्हाइकाने काढून मागितलं तर मी काढून देणार."

"ती काडी मी ओवलेली नसावी," फुसाए म्हणाली.

"आणि सालडं तव्यावरच."

"त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही," फुसाएने वचन दिलं. चिगुसा टॉवेलाआडून हसली.

मग मासातोचा डावा अंगठा टेबलावर मागवण्यात आला. उजव्या हाताचं मनगट कुठे वळतं, कोपर कुठे टेकतं, हे फुसाएने बिअरच्या बाटलीवर दाखवलं. कान उजवीकडे असता तर त्याच्या उजव्या हाताला हे सगळं फार सोपं झालं असतं, हे तिला दिसत होतं. कान उजवीकडे घे, असं एकदा सांगितलं असतं तर त्याची अर्धी वर्षं वाचली असती. ती सांगणार होती. मग तिने ताटात ओळीने पडलेले ते पाच डावे कान पुन्हा पाहिले, आणि तिला वाटलं, मुलगा तरुण आहे, घाई काय आहे.

"मनगट दुखलं तर सांग," ती एवढंच म्हणाली. चिगुसाने मान वर केली, आणि आईने तिच्याकडे पाहून पुढचं वाक्य पूर्ण केलं. "सांगितलं की थांबायचं. ओढून धरायचं नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

निघताना टेबलावरच्या बांबूच्या नळीत रिकाम्या काड्या उभ्या होत्या. त्यांतली एक फुसाएने पुसून पिशवीत टाकली. हाचिया दारापर्यंत पोचवायला आला. पंखा हातातच होता.

"इवाबुची-सान," त्याने अदबीने विचारलं, "डाव्या कानाची ही पद्धत फार जुनी असेल नाही? कुणी घालून दिली?"

तोकुजी खोकला. फुसाएने टॉवेलांचा खोका उजव्या काखेतून डाव्या काखेत घेतला.

"मी," ती म्हणाली.